गाव चित्रात कुठल्या दारानं येतं?

दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलानं मला पत्र पाठवलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा : "मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात. मुंबईत आल्यापासून सगळे म्हणतात, तुझ्याकडे गाव आहे, तीच तुझी श्रीमंती, ते चित्रात आण. मी बैलगाडी, पार, विहीर काढून बघितली. ती माझी वाटतच नाहीत. माझं निम्मं लहानपण साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत गेलं. गावाकडचं लहानपण कलाकाराला घडवतं म्हणतात, ते नक्की कसं? आणि मी माझं गाव कुठलं धरायचं?"

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातली. १९८० साली दहावी झाल्यावर मुंबईला आले, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढं तीसेक वर्षं चित्रकला शिकवली आणि जमेल तशी स्वतःची चित्रं करत राहिले. तुझा प्रश्न मी अनेक वर्षं अंगावर वागवला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. सवडीनं वाच.

आधी त्या बैलगाडीचं बोलू. ती आपली वाटत नाही हे तुला दुसऱ्याच वर्षी कळलं, याचा मला फार आनंद झाला. मला ते कळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी दुसऱ्या वर्षाला असताना, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत वर्ष गेलं आणि वडील वळकटी बांधून गावी गेले ते कायमचे. मी काळाचौकीला आत्याकडे राहून शिकत होते. पावसाळ्यात लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम, हात बसल्यावर डोळ्यांची आखणी, आणि उरलेलं वर्ष फोर्टातल्या एका फ्रेमवाल्यासाठी 'ग्रामीण दृश्यं'. लाल लुगड्यातल्या बायका, डोक्यावर दोन-दोन घागरी, मागं विहीर, वड, देवळाचं शिखर. शंभर रुपयाला एक. खपायची चांगली.

त्या सगळ्या चित्रांतल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असायच्या. खरं तर मी आठ वर्षांची असताना बहात्तरचा दुष्काळ पडला आणि आमच्या वस्तीवरच्या विहिरीच्या तळाशी मी स्वतः उतरलेली आहे, वाटीनं पाणी भरायला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात रेशनवरच्या मिलोची, म्हणजे तांबड्या ज्वारीची भाकरी. हे सगळं माझ्या अंगात होतं, आणि हात मात्र भरलेली विहीर काढत होता. त्या चित्रांनी माझी फी भरली, म्हणून त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण ते गिऱ्हाईकाच्या मनातलं गाव होतं, आणि गिऱ्हाईक बहुतेक दादर-माटुंग्याला जन्मलेलं.

माझं गाव माझ्या चित्रात आलं ते भलत्याच वाटेनं.

१९९० नंतर मी मोठ्या कॅनव्हासवर काम करायला लागले. खोली दहा बाय बाराची, ईझल मावत नव्हता, म्हणून कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि उकिडवं बसून रंग लावायचा. पातळ मातकट थर, कधी रुंद ब्रशनं, कधी फडक्यानं. विषय असा काही नव्हता. मला फक्त एक पृष्ठभाग हवा होता, ज्याकडे बघत राहावंसं वाटेल. त्याच सुमारास आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली होती. डोळ्याची पट्टी निघाल्यावर ती दारात बसून माझं काम बघत होती. चित्र कशाचं आहे, हे तिनं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आगं, सारवताना दाराकडं यायचं असतंय. तू तर दारातनं आत गेलीस. मग भाईर कशी येणार?"

ज्यानं सारवण घातलेलं नाही त्याच्यासाठी सांगते. शेण पातळ कालवायचं, त्यात थोडी पांढरी माती घालायची, काडी-खडा वेचून टाकायचा. डाव्या हातानं पाणी शिंपडत जायचं आणि उजव्या हातानं ओढायचं. बोटं जुळलेली, तळवा आडवा, आणि हात कोपरातून फिरतो, त्यामुळे जमिनीवर अर्धा गोल उमटतो. पहिल्या गोलाच्या कडेवर दुसऱ्याची कड चढते, माशाच्या खवल्यासारखी. गोल केवढा, ते सारवणारीच्या हाताच्या लांबीवर. आईचं सारवण आणि माझं सारवण एकाच खोलीत असलं तर कुठं तिचं संपलं आणि कुठं माझं सुरू झालं हे कुणीही सांगू शकायचं. आणि सुरुवात नेहमी आतल्या भिंतीपासून. मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं, शेवटचा हात उंबऱ्याबाहेर बसून मारायचा. नाहीतर ओल्या जमिनीवर आपलेच पाय उठतात.

आई बोलली आणि मी कॅनव्हासकडे नव्यानं बघितलं. सगळा कॅनव्हास त्या अर्ध्या गोलांनी भरलेला होता. जे.जे.त मला आडवा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, शिकवलेला. हे गोल कुणी शिकवले नव्हते. सहाव्या-सातव्या वर्षापासून दर आठवड्याला घातलेलं सारवण कोपरात जाऊन बसलं होतं, आणि त्याला मोकळी जमीन मिळाल्याबरोबर ते बाहेर आलं होतं.

त्या दिवसापासून मी कॅनव्हास पलीकडच्या कडेपासून सुरू करते आणि स्वतःकडे येत संपवते. यानं चित्रात खरोखर फरक पडतो. सगळ्यात जुना, वाळलेला थर लांब राहतो आणि सगळ्यात ताजा बघणाऱ्याच्या पायाशी येतो. बघणारा उंबऱ्यावर उभा असल्यासारखा होतो.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका गोष्टीत आहे. विषय म्हणून मी गाव मुद्दाम आणलं तेव्हा ते खोटं उतरलं. अंगवळणी पडलेलं काम होऊन आलं तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता, ते आईला दिसलं. म्हणून तुला जे सांगतायत की 'गाव आण', त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, पण कुठं शोधायचं ते ते सांगत नाहीत. डोळ्यांपुढच्या देखाव्यात शोधू नकोस. हातात शोध, कानात, पाठीच्या कण्यात, कशाची वाट बघायची सवय लागली त्यात.

वाट बघण्यावरून एक शब्द आठवला, तुला तो माहीत असणारच : वापसा. पाऊस पडला की लगेच रानात औत घालत नाहीत. चिखल तुडवला जातो, पुढं ढेकळं होतात. फार थांबलं तर ओल उडून जाते. मध्ये एक वेळ अशी येते की मातीची मूठ वळली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो. माझे आजोबा सकाळी अनवाणी रानात जाऊन टाचेनं दाबून बघायचे आणि नुसतं "अजून न्हाई" म्हणून परत यायचे. कुणी घाई करायचं नाही. जलरंगात नेमकी हीच वेळ सगळ्यात अवघड. ओल्या कागदावरची चमक गेलेली असते, पण गारवा शिल्लक असतो. त्या क्षणी दुसरा रंग सोडला तर कड मऊ येते. आधी सोडला तर पसरून चिखल, उशीर झाला तर कडक रेघ. वर्गात मी याला वापसाच म्हणायचे. गावाकडची मुलं लगेच मान डोलवायची. बोरिवली-मुलुंडची मुलं आधी गोंधळायची, मग हाताची मागची बाजू कागदाला लावून बघायला शिकायची. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत कागदाला वापसा येता येत नाही, तेव्हा "बाई, आज वापसा नाही" असं सांगून तीच मुलं पेन्सिलचं काम काढून बसायची. तैलरंगात थरावर थर देतानाही मी आजोबांसारखी बोट दाबून बघते आणि बहुतेक वेळा "अजून न्हाई" म्हणते.

रंगांचंही असंच आहे, पण इथं गाव देतं तसं काढूनही घेतं. आमच्याकडे खिलार जनावरं. शहरातल्या माणसाला खिलार म्हणजे पांढरा बैल. आमच्या घरात पोरासोरांनाही कोसा आणि काजळी वेगळा कळायचा. कशाच्या पांढऱ्यात राखेची झाक आहे, कुणाच्या मानेवर आणि वशिंडावर काजळ उतरलंय, डोळ्याभोवती किती काळं आहे. बाजारात त्यावर किंमत ठरायची, तेव्हा बघणं भाग होतं. पुढं जे.जे.त पहिल्या वर्षी पांढऱ्या कापडावर पांढरा प्लास्टरचा ठोकळा आणि पांढरी बशी अशी स्टिल लाईफ मांडली. सगळा वर्ग घाबरला, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. तपकिरीचंही तेच. वाळलेलं कुसळ, मुरूम, शेणी, भाजलेली ढेकळं, यांतला प्रत्येक रंग मी आजही डोळे मिटून वेगळा कालवून देईन.

हिरवा मात्र माझ्या हाताला परका राहिला. माझ्या शेजारी रायगडची एक मुलगी बसायची. भाताच्या रोपाचा हिरवा, लावणीनंतरचा हिरवा, शेवाळाचा, केळीच्या नव्या पानाचा, ती हे सगळे नुसत्या दोन ट्यूबांतून काढायची. मी ट्यूबमधला हिरवा तसाच लावायची आणि शिव्या खायची. चाळीस वर्षांत तो मला जमलेला नाही. आता मी तो वापरत नाही. उणीव हीसुद्धा गावाचीच देण आहे, आणि तिच्यातूनही माणसाच्या कामाची ओळख बनते.

आता एक मोठं उदाहरण, कारण घाई करू नये हे तुला पटायला हवं. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात. जंगलातल्या गावी लहानपण गेलं, रात्रीच्या काळोखाची भीती मनात बसली. पोरगं शाळेत चंचल, म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. नागपूरला शिकून ते मुंबईला जे.जे.त आले. त्या काळात ते काय करत होते? शहराच्या रस्त्यांची, इमारतींची जलरंगातली दृश्यं. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, १९५० मध्ये पॅरिस. पुढं फ्रान्सचीच निसर्गदृश्यं, मग रंगांचे धबधबे. तो ठिपका, तो काळा बिंदू, कॅनव्हासच्या मधोमध ठाण मांडून बसला तो त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर. शाळेच्या भिंतीपासून तिथवर यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली, आणि मधे सगळं जग फिरून यावं लागलं. वीस वर्षांच्या रझांना कुणी 'तुझ्या कामात मंडला आण' म्हणून धरून बसवलं असतं तर त्यांनी काय काढलं असतं? बहुधा सागाची झाडं आणि हरणं.

आणखी एक लक्षात घे. त्यांच्याकडे परत आलं ते नर्मदेचं सौंदर्य वगैरे नंतर. आधी आली ती भीती आणि एका कंटाळलेल्या पोराला दिलेला ठिपका. लहानपणातलं काय टिकेल, हे आपण निवडू शकत नाही. २०१६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यातच वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं.

मुंबईच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर एका रविवारी गेटवेहून लाँच पकड, मांडव्याला उतर आणि सासवन्याला जा. शिल्पकार नानासाहेब करमरकर तिथले, जन्म १८९१ चा. पोरवयात देवळाच्या भिंतीवर काढलेलं त्यांचं चित्र ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरनं बघितलं आणि त्याच्या मदतीनं ते जे.जे.ला पोचले. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा, १९२८ चा, तो त्यांचाच. पण माझा जीव त्यांच्या राहत्या घरी, आता संग्रहालय झालेल्या जागेत, ठेवलेल्या साध्या कामांत अडकतो. सिमेंटमध्ये केलेली गावची माणसं आणि एक म्हैस. म्हशीच्या अंगाचं वजन खाली कसं उतरतं, हे ज्यानं लहानपणी म्हशीच्या पाठीवर थाप मारलीय त्यालाच कळतं. तिथं फोटो काढत बसू नकोस, अर्धा तास म्हशीसमोर बसून रेखाटन कर.

गाव सोडल्याशिवाय कलाकार होत नाही, असाही समज करून घेऊ नकोस. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे गावीच राहिले. आई लवकर गेली, पोराची वाचा बसली, आणि ते धुळीत बोटानं चित्रं काढून सांगायला लागले असं त्यांच्याबद्दल सांगतात. वारली आदिवासींत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहायचा तो सवाशिणींनी. म्हसे मात्र रोज लिहायला लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी मुंबईहून कागद घेऊन तिथवर पोचले आणि भिंतीवरची पांढरी रेघ कागदावर आली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरच त्यांच्याकडे चालत गेलं.

एक गोष्ट मात्र मला जपून सांगायची आहे, कारण 'गावाकडचं समृद्ध बालपण' हे शब्द मी सभा-समारंभांत फार ऐकते. गाव सगळ्यांना सारखं मिळत नाही. माझ्या वर्गात सांगलीकडचा एक मुलगा होता, घर गावकुसाबाहेर. कॉम्पोझिशनला विषय दिला होता, 'पाणवठा'. आम्ही सगळ्यांनी विहीर, रहाट, बायका काढल्या. त्यानं कागदाच्या खालच्या कडेला एक रिकामी घागर मोठी काढली, वर लांबवर बायकांच्या पाठी, आणि मध्ये अर्धा कागद कोरा. अपुरं काम म्हणून त्याला गुण कमी मिळाले. नंतर कँटीनमध्ये त्यानं मला सांगितलं, "आम्ही तेवढ्या अंतरावर थांबायचो. कुणी येऊन ओतेल तेव्हा पाणी. विहीर आतून बघितलीच नाही, तर काढू कशी?" त्या कोऱ्या जागेइतकं खरं गाव मी आजवर दुसऱ्या चित्रात बघितलेलं नाही. त्याला त्या वेळी एवढं कुणी म्हणायला हवं होतं. मीसुद्धा म्हटलं नाही, गप्प बसले, याची मला आजही टोचणी आहे.

मुलगी म्हणून माझंही गाव वेगळं होतं. पोरं शिवारभर हिंडायची. मला धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढून जेवढं दिसेल तेवढं शिवार. माझ्या सगळ्या चित्रांत क्षितिज खूप वर असतं. एका समीक्षकानं त्यात जपानी छापचित्रांचा प्रभाव शोधला होता. तो धाब्याचा प्रभाव आहे.

आता तुझ्याकडे येते. कुठलं गाव धरू म्हणतोस. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली टोळी निघायची, त्यात तुझे आईवडील, एक कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, माणसांची मोजदाद हत्यारानं होते, हे शहरातल्या वाचकाला माहीत नसेल म्हणून लिहिलं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत. म्हणजे दिवाळी, संक्रांत, शिमगा तू कोपीत काढलेस, आणि जत्रा, मृगाचा पाऊस तेवढा पाटोद्यात. तुला वाटतं तुझ्याकडे गाव अर्धंच आहे. मला वाटतं तुझ्याकडे असं काही आहे जे आमच्या पिढीच्या चित्रकारांपैकी कुणाकडे मी बघितलं नाही.

तू पत्रासोबत वहीच्या सहा पानांचे फोटो पाठवलेस. पाच पानांवर पार, बैलगाडी आणि विहीर आहे. सहाव्या पानावर, बहुतेक फोन घेता घेता, तू उसाच्या मोळ्या काढल्या आहेस. एकीशेजारी एक, चाळीस-पन्नास. बाह्यरेषा नाही, नुसत्या उभ्या रेघा आणि मधे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांच्या, आवळलेल्या गाठी. प्रत्येक गाठ वेगळी आहे. एकीत पीळ उजवीकडे आहे, दोन ठिकाणी डावीकडे. बांधणारी डावरी असावी. तुझी आई का? पहिल्या पाच पानांत हात दबकत चाललाय, खोडरबराचे डाग आहेत. सहाव्या पानावर एकही खाडाखोड नाही.

आणि पत्रात एक वाक्य तू सहज टाकलंयस : रात्री ऊस भरायला ट्रक आला की पाचटाच्या भिंतीतून उजेडाच्या रेघा यायच्या आणि झोपलेल्या बहिणीच्या अंगावरून सरकायच्या. अरे, हे वाक्य लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? तुझा उजेड हा असा आहे, आडवा, तुटक, फिरणारा, खालून येणारा. ज्या घरात मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही, त्या घराची मापं तुझ्या डोळ्यांत आहेत. आणि दर वर्षी मोडून परत उभारायच्या घराचं ज्ञान तुझ्या हातात आहे. तुझं गाव कुठलं हे नकाशावर शोधायची गरज नाही.

यात मुंबईचं काम काय, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. मुंबईत आले नसते तर माझ्याकडे काय होतं हे मला कळलंच नसतं. व्ही.टी. स्टेशनवर बाकड्यावर बसून आम्ही गर्दीची स्केचेस करायचो. माझ्या कागदावर माणसं बारीक, एकमेकांपासून लांब, मधे मोकळं रान. सर म्हणायचे, "कागद भर की, एवढी गर्दी समोर आहे." माझ्या गावी एसटी यायच्या आधी अर्धा तास तिची धूळ दिसायची. चाळीत आल्यावर सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर. ते अंतर हरवलं तेव्हा त्याची जागा कागदावर उमटायला लागली. तुझंही काहीतरी इथं हरवलं असेल. काय हरवलं त्याची यादी कर, चित्रांच्या विषयांची नको.

घाबरण्याबद्दल थोडं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवरून मी पहिल्या वर्षी तीनदा परत गेले, तिकीट असेल म्हणून. तिकीट नसतं. आत जा, कुणी विचारत नाही. इंग्रजीत बोलणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं काही नसतं, त्यांना फक्त सांगता येतं. तूही मराठीत सांगायला शीक, पण कामाच्या शब्दांत. फड, वाढं, पाचट, उचल, असे घरात रोज तोंडी असणारे शंभर शब्द वहीत लिही. प्रत्येक शब्दाला हाताची एक हालचाल आहे. ती काढ, वस्तू काढू नकोस.

आणि एक काम मे महिन्याच्या सुट्टीत कर. पाटोद्याची तुझ्या घरामागची माती आण, आणि आईवडील या हंगामात जिथं तोडीला होते तिथल्या फडाची माती आण. दोन वेगळ्या पिशव्या, वर नाव लिहून. ढेकळं फोड, जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळ. बादलीत पाण्यात ढवळ, जड रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. ते रात्रभर ठेव, निवळलेलं पाणी काढून टाक, तळाची साय ताटात वाळव. बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून गाळून घे, त्यात ही माती थोडी थोडी घालून काचेवर खल. मधाचा एक थेंब घातलास तर वाळल्यावर भेगा पडणार नाहीत, लवंगेच्या तेलाचा एक थेंब घातलास तर बुरशी धरणार नाही. दोन्ही रंग शेजारीशेजारी एका कागदावर ओढ आणि मला आणून दाखव. मृग लागायच्या आत वाळवून घे, एकदा का मुंबईचा पाऊस सुरू झाला की इथं काही वाळत नाही.